एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) पार्ट परत परत जाम होतोय, कोटिंग टिकत नाहीये, आमचं काय काय चुकलं ते

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला पार्टीचा, म्हणजे ज्याला आम्ही मशीन बनवून दिलंय त्याचा, फोन आला की माझ्या पोटात गोळाच येतो. गुरुवारी भोसरीची इंडस्ट्री बंद, ना टर्नर मिळणार ना ग्राइंडिंगवाला, आणि नेमकं तेव्हाच, "दादा, व्हॉल्व्ह परत पकडला बघा." मागच्या वर्षी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी शेवटी बायकोच फोन हातात देताना म्हणायची, घ्या, तुमचा व्हॉल्व्ह आलाय. तर ज्यांचे एसएसचे पार्ट असेच सारखे घासतात, जाम होतात, कोटिंग करून आणलं तरी महिन्याभरात साल निघते, त्यांच्यासाठी लिहितोय. मी यात तीनदा पैसे घालवलेत, आणि तिन्ही वेळा कोटिंगवाल्याला शिव्या घालून झाल्यावर कळलं की जे विचारायचं तेच मी विचारलं नव्हतं.

मशीन साधं आहे. आलं-लसूण पेस्ट पाउचमध्ये भरायचा पिस्टन फिलर. त्यात एक रोटरी व्हॉल्व्ह, म्हणजे बाहेरून ५० मिमी व्यासाचा गोल प्लग, तो हाउसिंगच्या बोअरमध्ये एकदा इकडे एकदा तिकडे फिरतो, एका बाजूला हॉपरमधून पेस्ट ओढून घेतो, दुसऱ्या बाजूला नोझलकडे ढकलतो. प्लग ३१६ (गंजाला जास्त टिकणारं एसएस), हाउसिंग पण ३१६, व्यासावर क्लिअरन्स (दोघांमधली फट) ०.०४ मिमी. ड्रॉइंग आमचंच, त्यामुळे दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही. तीन-चार आठवडे झकास चालायचं आणि मग एक दिवस प्लग असा पकडायचा की पुलर लावून, हातोडी मारून, वर देवाचं नाव घेऊन काढावा लागायचा. बाहेर आला की त्याच्या अंगावर हाउसिंगचा तुकडा चिकटलेला आणि हाउसिंगमध्ये प्लगचा.

पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची तीच असते जी माझी होती, मटेरियल मऊ आहे, कडक करून घेऊ. मऊ आहेच. ३१६ अ‍ॅनील केलेला, म्हणजे तापवून मऊ केलेला, बार साधारण १५० ते २०० विकर्स (कडकपणा मोजायचं एकक) भरतो, आणि तो क्वेंच करून (तापवून झटकन थंड करून) कडक होत नाही, कारण त्यातल्या अणूंची रचना ऑस्टेनाइटचीच असते, तापवा नाहीतर थंड करा तो तसाच. म्हणून मग वरून काहीतरी लावायचं. इथपर्यंत विचार बरोबर होता. पण नुसतं कडक म्हणजे टिकाऊ हे समीकरण अर्धंच आहे. १९५३ मध्ये आर्चर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने झिजेचं जे समीकरण मांडलं त्यात दाब गुणिले घासलेलं अंतर भागिले कडकपणा असतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या पुढे एक के असतो तो कोणी बघत नाही, आणि तो के कुठला धातू कुठल्या धातूवर घासतोय, मध्ये वंगण आहे का, यावर हजारो पटीने बदलतो. सारखाच स्टेनलेस सारख्याच स्टेनलेसवर, तेही कोरडा, ही त्यातली सगळ्यात वाईट जोडी. पत्रिका बघायची तर दोघांची बघतात ना, आम्ही फक्त नवरदेवाची बघत होतो.

होतं काय ते सांगतो. एसएसवर क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ पडदा असतो, दोन-तीन नॅनोमीटरचा, त्याच्याच जिवावर तो गंजत नाही. ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन परत बनतो. पण दोन पार्ट दाबाखाली एकमेकांवर सरकत असतील तर पडदा फाटतो आणि मध्ये हवा नसते, मग उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो, अक्षरशः थंड वेल्डिंग. पुढच्या फेऱ्यात तो जोड तुटतो पण जोडाच्या जागी तुटत नाही, शेजारून लचका घेऊन तुटतो. तो लचका ताणून ताणून कडक झालेला असतो, ऑस्टेनाइटची खोडच ती, आणि मग तोच नांगरासारखा पुढे चर पाडत जातो. त्यात एसएसमधून उष्णता पण सावकाश जाते, एमएसच्या (साध्या स्टीलच्या) साधारण एक तृतीयांश, त्यामुळे घर्षणाची गरमी त्याच बिंदूवर साचते. याला गॉलिंग म्हणतात. एसएसचा नटबोल्ट इम्पॅक्ट गनने आवळताना मध्येच गपकन बसतो आणि मग ना पुढे ना मागे, कापूनच काढावा लागतो, ते हेच.

आता माझे तीन पराक्रम.

पहिला हार्ड क्रोम. सगळेच करतात, आपल्याकडे गल्लीगल्लीत प्लेटिंगवाले आहेत, कडकपणा ८०० ते १००० विकर्स मिळतो, घर्षण कमी, आणि एसएसवर क्रोम घासला तर गॉलिंग खरंच कमी होतं. आम्ही २० मायक्रॉन सांगितलं. आता हसू नका, पण २० मायक्रॉन हा एका बाजूचा असतो, व्यासावर ४० वाढतो, म्हणजे आमचा ०.०४ चा सगळा क्लिअरन्स क्रोमनेच खाल्ला. प्लग बसेचना. परत ग्राइंडिंगला पाठवला, बसवला, आणि सहाव्या आठवड्यात पापुद्रे निघाले. नखाने सुटत होते, खाली चकचकीत स्वच्छ एसएस. ही खूण लक्षात ठेवा, खाली स्वच्छ धातू दिसला तर कोटिंग घासून गेलेलं नाही, ते चिकटलंच नव्हतं. कारण तोच ऑक्साइडचा पडदा. एमएसवर प्लेटिंग करतात तसं नुसतं डिग्रीस करून अ‍ॅसिडमध्ये बुडवून एसएस टाकीत सोडला तर पाण्यातून काढून दुसऱ्या टाकीत जाईपर्यंत पडदा परत तयार. त्यासाठी वुड्स निकेल स्ट्राइक लागतो, निकेल क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची टाकी, ती पडदा काढते आणि त्याच वेळी निकेलचा बारीक थर बसवते, किंवा मग उलटा करंट देऊन नीट एच करावं (पृष्ठभाग जरासा खाऊन घ्यावा) लागतं. आमच्या प्लेटिंगवाल्याला विचारलं स्ट्राइक केला होता का, तर म्हणाला साहेब पॉलिश करून दिलं ना चांगलं. म्हणजे नाही.

शिवाय हार्ड क्रोममध्ये बारीक तडे असतातच, तो त्याचा स्वभाव आहे, आणि पेस्टमध्ये मीठ आणि सायट्रिक अ‍ॅसिड. क्लोराइड त्या तड्यांतून खाली शिरतं, क्रोमलाही खातं आणि खालून पोखरतं. त्यामुळे स्ट्राइक नीट केला असता तरी आमच्या कामाला क्रोम फार दिवस टिकला असता असं मला आता वाटत नाही. कोरड्या कामाला, हायड्रॉलिक रॉडला वगैरे तो अजूनही उत्तम आहे, पण खारट आंबट कामाला नको.

दुसरा पराक्रम जास्त महागात पडला. कोणीतरी म्हणालं नायट्रायडिंग करा, साल निघायचा प्रश्नच नाही कारण तो वरून लावलेला थर नाही, नायट्रोजन आतच जातो. बरोबर आहे. मी हीट ट्रीटमेंटवाल्याकडे प्लग टाकला, चलनावर लिहिलं "नायट्रायडिंग करणे", बस. त्याने त्याच्या रोजच्या जॉबसारखं ५४० डिग्रीला गॅस नायट्रायडिंग करून दिलं. आला तेव्हा मस्त राखाडी, कानस मारली तर घसरली, आमच्या टर्नर काकांनी पण शाबासकी दिली. आठव्या दिवशी पार्टीच्या क्यूएच्या (क्वालिटी तपासणाऱ्या) मॅडमचा फोन, पेस्टमध्ये तपकिरी डाग दिसतायत. प्लग उघडला तर गंजलेला. ३१६ गंजलेला! काका म्हणाले तुम्हाला फसवलं, ३१६ नाहीच हा. पण बार ३१६ च होता, टेस्ट करून घेतला होता.

झालं असं की ५०० डिग्रीच्या वर नायट्रोजन आणि क्रोमियम एकमेकांना शोधून काढतात आणि क्रोमियम नायट्राइडचे कण तयार होतात. कडकपणा त्यामुळेच येतो, हजार-बाराशे विकर्स, पण क्रोमियम त्या कणांत अडकून पडतं. ज्या क्रोमियमच्या पडद्यावर स्टेनलेसचं स्टेनलेसपण उभं आहे ते क्रोमियमच आजूबाजूच्या धातूत उरत नाही, आणि निदान साडेदहा टक्के तरी मोकळं असल्याशिवाय तो पडदा बनत नाही. म्हणजे पैसे देऊन ३१६ चं एमएस करून आणलं मी. सॉल्ट बाथ नायट्रायडिंग पण साधारण ५७०-५८० ला करतात, त्यालाही हाच नियम. ज्यांचा पार्ट तेलात चालतो त्यांना काही फरक पडत नाही, पण पाणी, मीठ, आंबट काही लागणार असेल तर तापमान विचारल्याशिवाय जॉब टाकू नका.

तिसरा टायटॅनियम नायट्राइड (टीआयएन), पीव्हीडी, म्हणजे व्हॅक्यूममध्ये धातूची वाफ बसवून केलेलं कोटिंग. तो सोनेरी रंग बघितला आणि खरं सांगतो मी भुललो. पार्टीचे मालक पण खूश, म्हणे मशीनमध्ये सोन्याचा व्हॉल्व्ह. साधारण २३०० विकर्स. कोटिंगचं काम उत्तम होतं, कोटिंगवाल्याची काही चूक नाही, तो बिचारा विचारत होता बेस मटेरियल काय, हार्डनेस किती, मी म्हटलं ३१६, तो थोडा थांबला आणि म्हणाला चालेल करून बघू. तो थांबला तिथेच मी ओळखायला हवं होतं. टीआयएन दोन-तीन मायक्रॉनचा थर, आणि त्याच्या खाली १८० विकर्सचा लोण्यासारखा धातू. शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर काच अंथरून त्यावर खाटेचा पाय ठेवला तर काय होईल, तेच. काच कितीही कडक असो, खालची जमीन दबली की ती फुटणार. वर्तुळाकार तडे, मग खवले, आणि ते खवले स्वतः २३०० विकर्सचे, म्हणजे दोन पार्टच्या मध्ये आपणच आणून टाकलेला एमरी. पाच आठवडे.

पीव्हीडी वाईट नाही. क्रोमियम नायट्राइड, डीएलसी (हिऱ्यासारखा कार्बन) हे सगळे थर ४२०, ४४०सी अशा हार्डन केलेल्या स्टीलवर किंवा आधी नायट्राइड करून वर कोटिंग असं डबल केलं तर सुंदर चालतात. डीएलसीचं घर्षण तर कोरड्यातही ०.१ च्या आसपास असतं. पण मऊ ३१६ वर थेट, आणि जिथे दाब एका काठावर येतो अशा पार्टवर, नको. आणि हो, १७-४ पीएच (तापवून कडक होणारं एसएस) वापरत असाल तर त्याचं एजिंग (कडक करायसाठी तापवणं) ४८२ डिग्रीला होतं एच ९०० कंडिशनमध्ये, त्याच्या वर तापवणारी कुठलीही प्रोसेस केली तर गाभा मऊ पडतो, तेही विचारून घ्या.

तीन आपटल्यावर मग एका रविवारी शांतपणे दुकानात बसलो, बोहरी आळीतून आणलेलं दहा पटीचं भिंग घेतलं आणि भंगारात टाकलेले सगळे प्लग ओळीने मांडले. हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, फुकट होतं. तुम्ही काहीही करायच्या आधी हेच करा. घासलेल्या जागेवर फाटल्यासारखे लचके, एका बाजूला चढलेला धातू, नखाला खडबडीत लागतोय तर गॉलिंग. सरळ, बारीक, समांतर चरे, दोरीने आखल्यासारखे, तर मध्ये काहीतरी कडक अडकतंय, वाळू, स्केल, फुटलेलं कोटिंग. जिथे पार्ट फारसा हलतच नाही, नुसता थरथरतो, आणि तिथे लालसर तपकिरी भुकटी दिसते तर फ्रेटिंग. सुईने टोचल्यासारखे खड्डे आणि आजूबाजूची जागा चकचकीत, तर क्लोराइडचं पिटिंग, त्याला कडक करून काही उपयोग नाही. बहुतेक वेळा दोन प्रकार एकत्र असतात, तेव्हा पहिला कोण आला ते शोधायचं.

आमच्या प्लगवर लचके होते, पण सगळीकडे नाही. फक्त एका पट्ट्यात, हॉपरच्या बाजूला. आणि मग पार्टीच्या ऑपरेटरला, साताऱ्याकडचा पोरगा आहे, हुशार, त्याला फोन लावला की जाम नेमका कधी होतो रे? तो म्हणाला, "दादा, भरताना कधीच नाय होत. सकाळी गरम पाण्याने धुतो ना, तेव्हाच." वर्षभर मी हे विचारलंच नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं, कारण त्याला वाटलं मला माहीत असणार.

हिशोब करा. धुण्याचं पाणी ८० डिग्री, सकाळी मशीन २५ ला. ३१६ चं प्रसरण एका डिग्रीला, एका मीटरला साधारण १६ मायक्रॉन. ५० मिमीचा प्लग, ५५ डिग्रीचा फरक, म्हणजे ४४ मायक्रॉन वाढला. क्लिअरन्स ४०. हाउसिंगही वाढतं, पण ते जाड आहे, बाहेरून थंड हवेत आहे, उशिरा तापतं, आणि प्लगच्या पोटातून गरम पाणी सरळ जातं. म्हणजे पहिली दोन-तीन मिनिटं प्लग बोअरमध्ये आवळला जातोय, पेस्टचं तेल-पाणी धुऊन गेलेलं, कोरडा, आणि आमचा पोरगा त्याच वेळी तो फिरवतोय कारण धुताना फिरवायचा असं मॅन्युअलमध्ये मीच लिहिलंय. त्या क्षणी त्यावर हिरा लावला असता तरी काही झालं नसतं.

मग केलं ते असं. क्लिअरन्स ०.०७ केला, गळती बघितली, पेस्ट घट्ट असल्यामुळे काही फरक नाही. धुताना पहिली पाच मिनिटं कोमट पाणी आणि प्लग फिरवायचा नाही, मग गरम. हे दोन्ही बदल जवळजवळ फुकट. आणि तिसरं, प्लगला कमी तापमानाचं प्लाझ्मा (वायूतून वीज सोडून केलेलं) नायट्रायडिंग, हाउसिंगला काही नाही, ते मुद्दाम तसंच ठेवलं. दोन्ही पार्टच्या पृष्ठभागात फरक हवा, कडकपणात निदान ५० ब्रिनेलचा (हेही कडकपणाचंच एकक) तरी, हा जुना आडाखा आहे. एक कडक, एक मऊ, आणि जो बदलायला सोपा तो मऊ, आमच्याकडे हाउसिंगमध्ये स्लीव्ह टाकला तो बदलता येतो.

कमी तापमानाचं म्हणजे ४५० च्या खाली, आमचं ४२० ला झालं. तिथे क्रोमियमला जागचं हलायला ताकदच नसते, नायट्रोजन मात्र लहान अणू, तो शिरतो आणि जाळीत अडकून बसतो, जाळी फुगते. याला एस फेज म्हणतात, १९८० च्या दशकाच्या मधल्या वर्षांत बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या आणि जपानमधल्या लोकांनी हे दाखवलं. थर पातळ, आमच्या प्लगवर पंधरा-वीस मायक्रॉन, पण कडकपणा हजाराच्या वर आणि गंजायचं नाव नाही कारण क्रोमियम मोकळंच आहे. आणि टीआयएनसारखा एकदम काच-लोणी असा प्रकार नाही, थर जाड आहे आणि त्याच्याच अंगातून आलेला आहे. प्लाझ्माच का, तर त्यात आधी हायड्रोजन-आर्गॉनचे आयन आपटून तो ऑक्साइडचा पडदा झाडून काढतात, तो असेल तर नायट्रोजन आत जातच नाही आणि ठिपके ठिपके नायट्राइड होतं. कार्बन वापरून असंच कमी तापमानाला करतात तेही आहे, बॉडीकोट कंपनीचं कोल्स्टरायझिंग त्या जातीतलं. वेळ मात्र लागतो, आमची भट्टी वीस तास चालली, "साहेब उद्या देतो" असं कोणी म्हणालं तर समजून जा की ५४० ला मारणार आहे.

चलनावर आता मी काय लिहितो ते बघा: मटेरियल ३१६, प्लाझ्मा, जॉबचं तापमान ४३० च्या वर जाता कामा नये, त्याच बारचा टेस्ट पीस सोबत आहे तो जॉबच्या शेजारी ठेवणे, भट्टीचा चार्ट सोबत देणे. एवढं लिहिलं की समोरचा माणूस सावध होतो.

टेस्ट पीसचं महत्त्व कळायला मला वेळ लागला. दुकानात कडकपणा मोजायचं रॉकवेल मशीन असतं, ट्रीटमेंट करून आलं की आपण त्यावर टिचकी मारून बघतो. १५० किलोचा लोड, मऊ मटेरियलमध्ये ते टोक दोनशे मायक्रॉनच्या आसपास आत जातं, आणि आपला थर २० चा. आकडा येतो तो खालच्या ३१६ चा, आणि आपण हीट ट्रीटमेंटवाल्याशी भांडतो की काही केलंच नाही. मीही भांडलोय. थराची हार्डनेस घ्यायची तर मायक्रो विकर्स, ५० ग्रॅमच्या लोडवर, तेव्हा हजार विकर्सला खूण दीड मायक्रॉनपेक्षाही कमी खोल जाते. खोली थराच्या एक दशांशपेक्षा कमी हवी हा अंगठ्याचा नियम. आणि लॅबला सांगून तोच तुकडा कापून पॉलिश करून एच करून घ्या. एस फेजचा थर मायक्रोस्कोपखाली पांढरा स्वच्छ दिसतो, क्रोमियम नायट्राइड झालं असेल तर काळपट. मला धातुशास्त्र काही येत नाही, पण काळं-पांढरं कळतं.

घरगुती टेस्ट पण आहे, क्यूएच्या मॅडमकडून शिकलो. टेस्ट पीसचा दुसरा तुकडा काचेच्या वाटीत, मिठाचं पाणी, वर अर्धं लिंबू पिळून, तीन दिवस ठेवायचा, सोबत ट्रीटमेंट न केलेला तुकडा वेगळ्या वाटीत. ५४० वाला दुसऱ्याच दिवशी सकाळी पिवळट पाणी दाखवतो. आमच्या आईने त्या वाट्या बघून विचारलं लोणचं घालतोयस का. प्रमाणित टेस्ट नाही ही, सॉल्ट स्प्रेची बरोबरी नाही, पण जॉब मशीनवर चढवायच्या आधी नापास कोण ते सांगते.

आता पिस्टन रॉड, ती वेगळीच कथा. त्याच मशीनवर, तेच मटेरियल, पण भिंगाखाली लचके नव्हते, सरळ चरे होते. पेस्टमध्ये वाळू. आलं जमिनीतून येतं, कितीही धुतलं तरी त्या गाठींच्या बेचक्यात माती राहतेच. वाळू म्हणजे सिलिका, साधारण १००० ते १२०० विकर्स. म्हणजे ३१६ च्या पाच-सहा पट, आणि हार्ड क्रोमच्या बरोबरीची किंवा जास्त. वाळूपेक्षा कडक असाल तर झीज एकदम खाली येते, कमी असाल तर थोडं कमी की जास्त यात फार फरक पडत नाही. एस फेज पण इथे काठावरच, आणि २० मायक्रॉन चर पडायला कितीसा वेळ लागतो. तिथे एचव्हीओएफने (जोरदार ज्वालेतून पावडर फवारून) टंगस्टन कार्बाइड मारून घेतलं, कोबाल्ट-क्रोमवालं, साधं कोबाल्टवालं नाही, कारण आंबट-खारटात क्रोम असलेला बाइंडर (कण धरून ठेवणारा धातू) जास्त टिकतो. पूर्ण कोटिंगचा आकडा हजार-अकराशे विकर्सच दिसतो पण आतले कार्बाइडचे कण त्याच्या दुप्पट कडक असतात, वाळूची गाठ त्यांच्याशी पडते. थर २०० मायक्रॉन, त्यासाठी रॉड आधी तेवढा बारीक टर्न करून पाठवायचा, काठांना त्रिज्या द्यायची, धारदार काठावर कोटिंग तुटतं. फूड कॉन्टॅक्टचं पार्टीच्या क्यूएकडून आधी लिहून घ्या, नंतर नको.

मधेच काही बारीक गोष्टी सांगून टाकतो. पॅसिव्हेशन (आम्लात बुडवून धुणं) केलं की पार्ट कडक होतो असं अजून लोक समजतात, एक विकर्सही वाढत नाही, त्याने फक्त पृष्ठभागावरचं मोकळं लोखंड जातं आणि पडदा चांगला बसतो. आरशासारखं पॉलिश केलं की गॉलिंग थांबतं हेही खरं नाही, पाव मायक्रॉन आरएच्या (आरए म्हणजे खडबडीतपणाचं माप) खाली गेलात तर उलट वाढू शकतं, वंगणाला धरून बसायला जागाच राहत नाही. चुंबक चिकटला नाही म्हणून ३०४ (नेहमीचं एसएस) असं धरून चालू नका, २०२ ला (स्वस्तातल्या, कमी निकेलच्या एसएसला) पण चिकटत नाही, आणि ३०४ टर्न केल्यावर, वाकवल्यावर थोडा चिकटतो, त्यामुळे त्या टेस्टने फक्त भांडणं होतात. पीएमआय गन (धातूत काय काय आहे ते दाखवणारी) लावून घ्या, दोन मिनिटांचं काम. आणि नटबोल्टला कुठलंही कोटिंग शोधत बसू नका, मॉलीचं किंवा निकेलचं अँटीसीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, फूडला असेल तर एच१ वालं (चुकून खाण्याला लागलं तरी चालणारं), आणि गन बाजूला ठेवून हाताने आवळा.

गॉलिंगचा त्रास फारच असेल आणि पार्ट नव्याने करणार असाल तर नायट्रॉनिक ६० बघा, चार टक्के सिलिकॉन आणि आठ टक्के मँगॅनीजवालं स्टेनलेस, ते याच कामासाठी बनवलंय, काहीही न करता ३१६ वर चालतं. आम्हाला एका स्लीव्हपुरता तुकडा कोणी द्यायला तयार नव्हतं म्हणून राहिलं. व्हॉल्व्ह सीटसारख्या जागी स्टेलाइट ६ चं (कोबाल्ट-क्रोमच्या कडक मिश्रधातूचं) वेल्डिंग हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे, पण पातळ पार्ट वाकतो, आमच्या प्लगला शक्य नव्हतं.

प्लग बसवून आता अकरा महिने झालेत. मागच्या महिन्यात स्वतः जाऊन उघडला, त्या हॉपरच्या बाजूच्या पट्ट्यात थोडी चकाकी आली आहे, नखाला काही लागत नाही. स्लीव्ह व्यासावर दोन शतांश झिजलाय, तो दिवाळीच्या सुट्टीत बदलू. रॉडवर एकही चर नाही, पण आता दर महिन्याला त्याचे टेफ्लॉनचे सील जातायत. कार्बाइड स्प्रे केल्यावर डायमंड व्हीलने ग्राइंड करून घेतलं होतं, मी तेवढ्यावरच पास केलं, ०.५ आरए, आणि तो कडक पृष्ठभाग बारीक कानशीसारखा सील खातोय. क्रोमच्या रॉडला ०.५ चालून जायचं कारण क्रोम हळूहळू घासून गुळगुळीत व्हायचा, हा कशाला होतोय. चाकणला एक लॅपिंगवाला डायमंड फिल्मने ०.१ पर्यंत आणून देतो म्हणतोय, येत्या बुधवारी रॉड सोडवून त्याच्याकडे टाकतोय, गुरुवारी तो चालू असतो.